आयफेलचा मनोरा



उंचीची गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे बोलायला आम्ही मोकळे. आपल्या मुंबईचा राजाबाई टॉवर सुमारे 85 मीटर उंच आहे. तसे जवळजवळ चार टॉवर एकावर एक ठेवावेत, तेव्हा पॅरिसचा आयफेल मनोरा होतो. 1889 साली तो सुमारे 300 मीटर होता. 2022 साली माथ्यावर नवा अँटेना चढला आणि तो 330 मीटर झाला.

पण नुसत्या उंचीने कोणी अमर होत नाही. हा मनोरा तर मरायच्याच अटीवर जन्माला आला होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या शंभरीनिमित्त भरलेल्या प्रदर्शनाचे हे महाद्वार. सरकारने 15 लाख फ्रँक दिले, बाकीची रक्कम गुस्ताव्ह आयफेल याने उभी केली. मोबदल्यात 20 वर्षांचे उत्पन्न त्याचे, आणि त्यानंतर मनोरा नगरपालिकेचा. तिने तो ठेवावा नाहीतर मोडीत काढावा!

पाया खणला जात होता तेवढ्यात, फेब्रुवारी 1887 मध्ये, नामांकित साहित्यिक-कलावंतांनी वर्तमानपत्रात जाहीर निषेध छापला. त्यात कादंबरीकार मोपासाँ होता, ऑपेरागृह बांधणारा गार्निए होता, संगीतकार गुनो होता. हे लोखंडी धूड आमच्या सुंदर नगरीच्या छातीवर नको, हा त्यांचा आशय. त्यांना आज हसणे सोपे आहे. आम्ही हसणार नाही. गावाच्या आकाशरेषेवर गावाचा हक्क असतो, तो मागणारे कोणीतरी असावे लागते. आयफेलचे उत्तरही तसेच खणखणीत होते: चार पायांचा बाक आम्ही शोभेसाठी काढलेला नाही, वाऱ्याच्या जोराचे गणित मांडून काढला आहे, आणि जे गणिताला पटते त्यातही सौंदर्य असते. मौज अशी की, हा आराखडा मुळात आयफेलचा नव्हेच. तो त्याच्या पदरच्या केशलँ आणि नुगिए या इंजिनियरांचा, आणि त्यावर कलाकुसर केली सोव्हेस्त्र या वास्तुशिल्पज्ञाने. नाव मात्र मालकाचे राहिले!

वीस वर्षांची मुदत आयफेल विसरला नव्हता. मनोरा मोडू द्यायचा नसेल तर तो उपयोगी पडला पाहिजे, हे त्याने ओळखले. वर हवामानाची निरीक्षणे सुरू केली, उंचावरून वस्तू सोडून हवेच्या विरोधाचे प्रयोग केले आणि बिनतारी संदेशासाठी लष्कराला जागा देऊ केली. 1910 साली करार आणखी 70 वर्षांनी वाढला. म्हणजे कलावंतांना जे जिंकता आले नाही ते काळही जिंकू शकला नाही, कारण मध्ये तारायंत्र, तेही तारेवाचून चालणारे, आडवे आले.

आता वर चला. दुसऱ्या मजल्यापर्यंत 674 पायऱ्या आहेत. पाळणाही आहे, तो पायातून तिरका चढतो. आम्ही पायऱ्यांनी गेलो, कारण लोखंडाच्या जाळीतून वारा कसा आरपार जातो ते पाळण्यात कळत नाही. भिंत असती तर तिने वारा अडवला असता. जाळी त्याला वाट देते. 7,300 टन लोखंड आणि 25 लाख रिवेट हे आकडे त्या जिन्यावर प्रथमच अंगावर येतात. (गुडघ्यांनी दुसऱ्या दिवशी त्यांचा हिशेब वेगळा मागितला!)

आमचे मत विचाराल तर देखावा माथ्यापेक्षा दुसऱ्या मजल्यावरून चांगला. 276 मीटरवर शहराचा नकाशा होतो, 115 मीटरवर ते शहरच असते. खाली सेन नदी आणि तिचे पूल, एका अंगाला शाँ द मार्सची लांब हिरवळ, तिच्यापलीकडे डावीकडे नेपोलियनच्या समाधीवरचा सोनेरी घुमट, दूर टेकडीवर साक्रे-कर या चर्चची पांढरी शिखरे. पूर्वेला नोत्रदाम: 2019 च्या आगीत त्याचे टोकदार शिखर कोसळले, ते पुन्हा उभारून चर्च 2024 च्या डिसेंबरात उघडले. आणि या सगळ्या सपाट छपरांत एक काळा ठोकळा, 1973 चा माँपार्नास टॉवर. तो पाहून पॅरिसकर इतके धास्तावले की 1977 साली शहरातील नव्या इमारतींना 37 मीटरची मर्यादा घातली गेली. 1887 चे निषेधपत्र असे नव्वद वर्षांनी दुसऱ्याच मनोऱ्यावर लागू पडले. मोपासाँ म्हणे मनोऱ्यावरच जेवायला जाई, कारण तो न दिसणारी पॅरिसमधली तेवढीच जागा. आख्यायिका असेल, पण देखाव्यात उणे काय ते तिने नेमके सांगितले आहे: वरून मनोरा दिसत नाही.

पहिल्या मजल्याच्या कडेखाली चारही बाजूंना 72 शास्त्रज्ञ-इंजिनियरांची नावे आहेत: लाव्हाझिए, अँपियर, फूरिए, कुलाँ. त्यांत सोफी जर्मेन नाही. पत्रे कशी कंप पावतात याचे गणित मांडून तिने 1816 साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळवले. लोखंड किती लवते याच्या शास्त्राला तिचा हातभार आहे. तिथे एकाही स्त्रीचे नाव कोरले गेले नव्हते. स्त्रीशास्त्रज्ञांचीही 72 नावे तेथे लिहावीत असा प्रस्ताव 2025 साली पॅरिसमध्ये पुढे आला. तुमच्यापैकी कोणी जाल तेव्हा ही पट्टी वर चढण्यापूर्वी खालूनच वाचा. अक्षरे बाहेरच्या अंगाला आहेत, वरून ती दिसत नाहीत.