थंडीत वनस्पती बेटावर

थंडी पडली की लातूरकरांनी एकदा तरी वडवळ नागनाथचं वनस्पती बेट चढावं. चाकूर तालुक्यातली ही टेकडी दुर्मिळ औषधी वनस्पतींसाठी नावाजलेली. आयुर्वेदाचे विद्यार्थी इथं झाडपाला ओळखायला येतात. आपणही ओळखावा, पण ओरबाडू नये! सकाळी लवकर निघा, उन्हं तापायच्या आत वर पोचाल. नांदेडकरांना गोदावरीवरचा विष्णुपुरीचा जलाशय जवळ. तिथं पाखरं बघायची तर दुर्बीण हवीच.

आणि मार्गशीर्ष अमावास्येची येळवस चुकवू नका. त्या दिवशी शहर ओस, शिवार गजबजलेलं. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे आणि गार आंबील. शेत नसलं तरी हरकत नाही, कुणीतरी हाक मारतंच. आंबील मात्र बेतानं घ्या, झोप येते.