अपुऱ्या आवारांची सुधारणा : प्राणिसंग्रहालयांपुढील एक प्रश्न

(जिते, ता. पेण, जि. रायगड येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पेण तालुक्यातील जिते हे गाव मुंबई-गोवा महामार्गालगत वसले आहे. येथून पनवेलच्या दिशेने निघाले, खारपाड्याचा पूल ओलांडला, की थोड्याच अंतरावर कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. त्याच्या पायथ्याशी असलेले जंगल १९६८ साली पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. राज्यातील हे पहिले पक्षी अभयारण्य होय. हाच रस्ता पुढे मुंबईला पोहोचतो आणि तेथे भायखळ्याला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली राणीची बाग, लागते. रायगड जिल्ह्यातील शाळांच्या सहली या दोन्ही ठिकाणी जातात. कर्नाळ्यास पक्षी आपल्या इच्छेने येतो व जातो. त्याच्या सोयीची चिंता अरण्य वाहते. राणीच्या बागेतील वाघाला मात्र हा पर्याय नाही. त्याला सावली, पाणी, आडोसा आणि एकांत यांपैकी जे काही मिळेल ते माणसाने आखून दिले असेल तेवढेच. म्हणून प्राणिसंग्रहालयातील एखादे आवार चुकीचे आखले गेले किंवा अर्धवट राहिले, तर त्या चुकीचा भार प्रेक्षकावर अथवा कंत्राटदारावर नव्हे, तर आत राहणाऱ्या मुक्या जिवावर रोजच्या रोज पडतो. अशा आवारांची सुधारणा कशी करावी, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

आवाराची आखणी चुकते ती बहुधा एकाच कारणाने. ते पाहणाऱ्याच्या बाजूने आखले जाते, राहणाऱ्याच्या बाजूने नव्हे. जुन्या काळी चारही बाजूंनी गज असलेला पिंजरा हीच पद्धत होती. १९०७ साली कार्ल हागेनबेक यांनी जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराजवळ गजांऐवजी खंदक वापरून मोकळी आवारे तयार केली आणि जगभर तिचे अनुकरण झाले. १९५९ साली खुले झालेले दिल्लीचे प्राणिसंग्रहालय उभारताना त्याच हागेनबेक घराण्यातील तज्ज्ञाचे साहाय्य घेण्यात आले होते. पुढे हायनी हेडिगर या स्विस शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, प्रत्येक प्राण्याचे माणसापासूनचे एक सुरक्षित अंतर ठरलेले असते. ते मोडले की प्राणी पळू पाहतो, आणि पळण्यास जागा नसेल तर सतत भयभीत राहतो. यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. आवाराचे क्षेत्रफळ कितीही मोठे असले, तरी प्रेक्षकांच्या नजरेआड जाण्यास त्यात जागा नसेल तर ते अपुरेच समजावे.

केवळ सौंदर्याच्या कसोटीवर आखलेले आवार कसे फसते, याचे प्रसिद्ध उदाहरण लंडनमध्ये आहे. तेथील प्राणिसंग्रहालयात १९३४ साली बर्थोल्ड लुबेटकिन या वास्तुशिल्पज्ञाने पेंग्विनांसाठी काँक्रीटचा जलाशय बांधला. एकमेकींना वळसे घालत उतरणाऱ्या त्याच्या दोन निमुळत्या वाटा आधुनिक वास्तुकलेचा नमुना म्हणून नावाजल्या गेल्या. परंतु कठीण काँक्रीट हे पेंग्विनांच्या पायांना सोसणारे नव्हते. २००४ साली पक्षी तेथून हलविण्यात आले. वास्तू आजही संरक्षित आहे. पक्षी मात्र तेथे परत आले नाहीत.

राणीच्या बागेचा अनुभव आपल्याला अधिक जवळचा आहे. १८६२ साली लोकांसाठी खुले झालेले हे उद्यान मूलतः वनस्पतींचे. प्राणी तेथे नंतर आले. त्यामुळे पिंजरे झाडांच्या मधून, जशी जागा मिळेल तसे, उभे राहिले. नव्या काळाच्या दृष्टीने ते अपुरे ठरू लागले, तेव्हा २००७ च्या सुमारास चारशे कोटी रुपयांहून अधिक खर्चाचा भव्य आराखडा पुढे आला. या आराखड्यामुळे गोरखचिंचेसारख्या जुन्या, दुर्मिळ वृक्षांना आणि उद्यानाच्या वारसा-स्वरूपाला धोका पोहोचेल, असा आक्षेप नागरिकांनी व वनस्पतीप्रेमींनी घेतला. तो आराखडा मागे पडला आणि कमी खर्चाची, टप्प्याटप्प्याने करावयाची सुधारणा हाती घेण्यात आली. पुढे जानेवारी २०२० मध्ये लोकांस खुला झालेला, प्रेक्षकांना आतून चालत जाता येईल असा उंच पक्षी विहार हे या बदललेल्या दृष्टीचे फळ होय. तेथे झाडे व पाणी पक्ष्यांसाठी आहेत, आणि माणसाला त्यातून जाण्यापुरती वाट ठेवली आहे.

याच उद्यानातील दुसरी घटना कामाच्या क्रमाविषयी विचार करावयास लावते. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईत आणण्यात आले. त्यांच्या कायमच्या दालनाचे काम तेव्हा पूर्ण झालेले नव्हते. पक्षी विलगीकरणासाठी उभारलेल्या तात्पुरत्या जागेत राहिले. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला. मार्च २०१७ मध्ये दालन पूर्ण होऊन लोकांसाठी खुले झाले. पुढे त्या शीतगृहासारख्या दालनात पेंग्विनांची पिलेही जन्मली. एका पक्ष्याच्या मृत्यूचा संबंध बांधकामाच्या विलंबाशी जोडण्याचे कारण नाही. परंतु घर पूर्ण व्हावे, रिकामे असतानाच तपासले जावे आणि मगच रहिवासी आणावा, हा क्रम प्रत्येक संग्रहालयाने पाळावा, एवढा बोध या घटनाक्रमातून निश्चित घेता येतो.

पेण, हमरापूर, जोहे या परिसरातील श्रोत्यांना हा क्रम वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. येथील कारखान्यांतून गणपतीची कच्ची मूर्ती परगावी जाते हे खरे. परंतु रंग आणि डोळ्यांची आखणी पुरी झाल्याशिवाय कोणी तिची प्रतिष्ठापना करीत नाही. मातीच्या मूर्तीबाबत जी शिस्त पाळली जाते, ती सजीवाबाबत तर अधिक काटेकोरपणे पाळली गेली पाहिजे.

कायद्याची दिशाही हीच आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात १९९१ साली दुरुस्ती होऊन प्राणिसंग्रहालयांविषयीचे स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले. त्यानुसार १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. या प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय देशात प्राणिसंग्रहालय चालविता येत नाही. राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरण १९९८ साली जाहीर झाले आणि मान्यतेचे सुधारित नियम २००९ साली आले. संग्रहालयाचा बृहत् आराखडा असणे, कोणते प्राणी ठेवावयाचे याची योजना असणे, आवारात प्राण्याच्या स्वाभाविक वर्तनास वाव असणे, या अपेक्षा त्यातून स्पष्ट झाल्या.

जागाच अपुरी असेल तर स्थलांतर हाच मार्ग उरतो. पुण्याचे पेशवे पार्क १९५३ साली सुरू झाले. शहर वाढले, पार्क मात्र होते तेवढेच राहिले. अखेर १९९९ साली कात्रजच्या तलावाकाठी राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झाले आणि पेशवे पार्कातील प्राण्यांना तेथे मोकळी आवारे मिळाली. नागपूरजवळ गोरेवाडा येथे याहून मोठा प्रकल्प आहे. तेथील भारतीय सफारीचे उद्घाटन २६ जानेवारी २०२१ रोजी झाले आणि उर्वरित भाग पुढील टप्प्यांसाठी ठेवण्यात आला. प्रकल्प टप्प्यांनी होण्यास हरकत नाही. मात्र टप्पा प्रकल्पाचा असावा, आवाराचा नसावा. दहा आवारांपैकी चारच बांधली गेली तरी चालेल. परंतु ती चार निवाऱ्यापासून नाल्यापर्यंत पूर्ण असली पाहिजेत. दहाही आवारे अर्धी बांधून ठेवणे हा सर्वांत महागडा मार्ग ठरतो.

जेथे स्थलांतर शक्य नाही आणि पाडून नव्याने बांधण्यास निधी नाही, तेथे काय करावे? बहुतेक संग्रहालयांची स्थिती अशीच असते. अशा वेळी सुधारणेचा पुढील क्रम उपयोगी ठरतो.

पहिली गोष्ट, त्या आवारात नवा प्राणी आणणे थांबवावे. असलेल्यांची संख्या वाढू देऊ नये.

दुसरी गोष्ट, निरीक्षण. काही आठवडे सकाळ, दुपार आणि संध्याकाळ प्राणी कोठे बसतो, कोठे जात नाही, याची नोंद ठेवावी. बिबट्या कुंपणालगत एकाच रेषेत येरझारा घालीत असेल तर जमिनीवर त्याची पायवाट उमटलेली दिसते. आराखड्यातील दोष दाखविणारा याहून चांगला नकाशा नाही. रोज खाणे घालणाऱ्या सेवकाला या गोष्टी ठाऊक असतात. त्याला विचारल्याशिवाय कागदावर रेघ ओढू नये.

तिसरी गोष्ट, प्रेक्षकांना न दिसणारी बाजू आधी पूर्ण करावी. रात्रीच्या कोठड्या, एका कोठडीतून दुसरीत प्राणी सरकविण्याची दारे, सेवकाच्या सुरक्षिततेसाठी एकामागोमाग दोन दारे, पाण्याची तोटी, मैलापाण्याचा नाला, आणि प्राण्याला न बांधता सुई टोचता येईल असा, एक बाजू आत सरकणारा पिंजरा, ही कामे दिखाऊ नसल्याने निधी संपताच नेमकी मागे पडतात. यांच्यावाचून आजारी प्राण्यावर उपचार करता येत नाहीत आणि आवाराची सफाईही धड होत नाही.

चौथी गोष्ट, जमीन आणि पाणी. कोकणातील पाऊस लक्षात घेता आवारास उतार व निचरा नसेल तर जून ते सप्टेंबर चिखलात उभे राहून हरणांचे खूर सडतात. धुण्यास सोपे म्हणून सगळीकडे काँक्रीट घालणे हाही उपाय नव्हे. त्याने पाय सोलवटतात आणि उन्हाळ्यात जमीन तापते. उंचवट्यावर कोरडी माती, सखल भागी दगडी नाला आणि खाण्याच्या जागेपुरता पक्का चौथरा, अशी विभागणी पुष्कळ वेळा पुरेशी होते.

पाचवी गोष्ट, सावली आणि आडोसा. बांबूचे बेट, मोठा ओंडका, दगडांची रास, हरणिणीला पाडस लपविण्यासाठी उंच गवत, बिबट्याला वर चढून पडून राहण्यास फळी, यांचा खर्च एखाद्या शोभेच्या कमानीइतकाही येत नाही. पत्र्याखाली मे महिन्यात होणारा ताप गवताच्या छपराने कमी करता येतो. खाणे एकाच ठिकाणी न ठेवता तीन-चार ठिकाणी ठेवले, तर दुबळ्या प्राण्यालाही वाटा मिळतो.

सहावी गोष्ट, प्रेक्षकांची वाट. आवाराभोवती चारही बाजूंनी गर्दी फिरू देऊ नये. पाहण्याची जागा एक किंवा दोन बाजूंनाच ठेवावी, बाकीच्या बाजूंना दाट झाडी लावावी. अडथळा भक्कम हवा. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात पांढऱ्या वाघाच्या आवारात पडलेल्या तरुणाचा मृत्यू झाला. कठडा हा शोभेचा भाग नाही, याचे स्मरण त्या दुर्घटनेने सर्वांना दिले.

हे सारे झाल्यावरच नावाची व माहितीची पाटी, बाके आणि रंगरंगोटी यांकडे वळावे. व्यवहारात याच्या नेमके उलट घडते. पाटी व कमान आधी होते आणि निवारा पुढील अंदाजपत्रकाची वाट पाहतो. आवाराच्या उद्घाटनाची तारीख त्याच्या पूर्ततेवरून ठरावी, तारखेवरून पूर्तता ठरू नये.

यात नागरिकांचाही वाटा आहे. वाघ दिसला नाही म्हणून आरडाओरडा करणारा, गजांवर काठी आपटणारा प्रेक्षक हा चांगल्या आवाराचा मोठा शत्रू होय. आडोसा ठेवला तर प्राणी दिसत नाही अशी तक्रार येते, आणि त्या तक्रारीला भिऊन व्यवस्थापन आडोसा काढून टाकते. कर्नाळ्याच्या वाटेवर पक्ष्यासाठी गुपचूप थांबण्याची सवय ज्या मुलांना लागली आहे, ती राणीच्या बागेतही थांबू शकतील. जिते, पेण, रोहा येथील शिक्षकांनी सहलीपूर्वी एवढे जरी वर्गात सांगितले, आणि कोणत्या आवारात सावली होती, कोठे पाणी स्वच्छ होते, कोणता प्राणी सारखा येरझारा घालीत होता, हे मुलांकडून लिहून घेतले, तर ती वही संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

प्राणिसंग्रहालय असावे की नसावे, यावर मतभेद आहेत आणि राहतील. जखमी, अनाथ किंवा बंदिवासात जन्मलेले असंख्य प्राणी मात्र आज अरण्यात परत जाऊ शकत नाहीत, आणि त्यांच्या निवाऱ्याची जबाबदारी समाजाने स्वीकारलेली आहे. ती पार पडली की नाही, हे ठरविण्याची कसोटी साधी आहे. दरवाजे बंद झाल्यावर, शेवटचा प्रेक्षक निघून गेल्यावर, आतला प्राणी निवांत पडू शकतो का? याचे उत्तर ‘होय’ असे येईपर्यंत आवाराचे काम पूर्ण झाले असे मानू नये, मग त्याच्या दाराशी कितीही सुंदर कमान उभी असो.