क्षारपड रान आणि किडनीची चाळणी



संयोजकांनी मला 'सॉफ्टवेअरमधल्या संधी' हा विषय दिला होता. तो मी बदलून घेतला. त्यावर आता आपली मुलंच आपल्याला शिकवतील. मी बोलणार आहे शाळेतल्या परासरणावर. बाईंनी तासगावचे बेदाणे पाण्यात टाकून ते फुगलेले दाखवले होते, तेच परासरण.

माझी ताई साताऱ्याहून सांगलीला दिलेली. तीन वर्षांपूर्वी तिच्या सहा वर्षांच्या मुलाच्या पापण्या सकाळी सुजायला लागल्या. संध्याकाळी सूज पायांवर उतरायची. अशी सूज पुष्कळदा ॲलर्जी समजली जाते. लघवी तपासली तर प्रथिनं चार प्लस. रक्तातलं अल्ब्युमिन साडेतीन ते पाच ग्रॅम हवं, त्याचं होतं १.६. निदान झालं नेफ्रॉटिक सिंड्रोम.

दाजींचा ऊस कृष्णाकाठी, त्यातलं थोडं रान क्षारपड. तिथे पाणी साचलेलं दिसतं आणि पीक मात्र वाळतं, कारण मातीतलं मीठ पाणी मुळाकडे जाऊ देत नाही. दाजींनी मला विचारलं, "रक्तातही मीठ आहेच की. मग ते पाणी का धरून ठेवत नाही?"

प्रश्न इतका चांगला होता की मी पुस्तकं काढून बसले. रक्तद्रवाचा एकूण परासरणी दाब पाऱ्याच्या ५,००० मिलिमीटरहून जास्त असतो. त्यात प्रथिनांचा वाटा जेमतेम २५ ते ३०. पण किडनीच्या चाळणीतून मीठ सहज पार होतं. ते दोन्ही बाजूंना सारखंच, त्यामुळे त्याची ओढ शून्य. जो पदार्थ अडतो तोच पाणी ओढतो. मुळाशी मीठ अडतं, चाळणीत अल्ब्युमिन अडतं. या ओढीला ऑन्कॉटिक दाब म्हणतात. इंग्लंडच्या स्टार्लिंगने हे १८९६ मध्ये मांडलं.

हिशेब साधारण असा: रक्ताचा दाब ५५ ने बाहेर ढकलतो, समोरून १५ चा विरोध, प्रथिनं ३० ने मागे ओढतात. उरतात १०. एवढ्याशा दहावर दिवसाला १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि दीड-दोन लिटर सोडून सगळं परत घेतलं जातं!

भाच्याची चाळणीच सैल झाली होती. अल्ब्युमिन लघवीतून गेलं, अंगभरच्या केशवाहिन्यांतली ओढ घटली आणि पाणी ऊतींत झिरपलं. शिवाय अशा वेळी किडनी मीठही धरून ठेवते. म्हणून पापड-लोणचं बंद. "अंडी चारा, प्रथिनं भरून निघतील," असं सांगणारे घरोघरी असतात. डॉक्टरांनी आहार वयाप्रमाणेच ठेवला. गळक्या चाळणीवर जास्त ओतलं तर जास्तच गळणार. उपचार चाळणीवर करायचा असतो, आणि बहुतेक मुलांना स्टेरॉइड लागू पडतं. त्यालाही चार आठवड्यांच्या आत पडलं.

आपल्यातल्या मधुमेह आणि बीपीवाल्यांनो, (हात वर करायला सांगत नाही,) आपली चाळणी सुजेशिवाय, गुपचूप झिजते. वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन तपासा.

हा आजार उलटतो. सलग तीन दिवस तीन प्लस आलं की डॉक्टरांना कळवायचं. म्हणून ताई रोज सकाळी पट्टीवर लघवी तपासते. मी तिला ॲप करून देते म्हटलं, तिने दोनशेपानी वहीच बरी म्हणून सांगितलं. दोनदा आजार उलटला. गेले चौदा महिने त्या वहीत रोज 'निल' आहे, आणि आता तो शब्द भाचा स्वतःच लिहितो.