मदतीला ये!

नाताळ जवळ आला की मी मैत्रिणींना बिस्किटं सजवायला घरी बोलावते. बिस्किटं आदल्या दिवशीच भाजून ठेवते. गरम बिस्किटावर साखरेचा लेप ओघळतो. पिठीसाखरेत चमच्या-चमच्यानं दूध घालायचं. कडेच्या रेघेसाठी लेप घट्ट, आत भरायला जरा पातळ. मेंदीसारखे कोन करून दिले, की कधी ओव्हनला हात न लावलेल्याही झकास चांदण्या रंगवतात.

ही रीत आपल्याला नवी नाही. दिवाळीत शेजारणी आळीपाळीनं एकमेकींकडे करंज्या करायला जात. पारी वाळायच्या आत सारण भरून मुरड घालायची, म्हणजे हात जास्त हवेत. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळला हीच करंजी ‘नेवरी’ म्हणून होते.

आता सगळंच विकत मिळतं. हातांची गरज उरली नाही. जवळ बसण्याची मात्र आहे. फोनवर नेहमी ‘बरी आहे’ म्हणणारी एक मैत्रीण गेल्या वर्षी नवऱ्याच्या जाण्याविषयी पहिल्यांदा बोलली, ती चांदणीला रेघ ओढताना. नजर खाली होती, म्हणून सांगणं सोपं गेलं असावं. आम्हीही हातातलं काम थांबवलं नाही.

तुमचीही अशी कोणी असेल, तर तिला पाहुणी म्हणून बोलावू नका. ‘मदतीला ये’ म्हणा.