झाडे दिसली, माणूस दिसला नाही

(नाशिक येथे मिशनच्या हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मार्ककृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात बेथसैदा येथील आंधळ्याची हकिकत आहे. प्रभूने त्याच्यावर हात ठेवले, तेव्हा त्याला दिसू लागले खरे, पण माणसे झाडांसारखी दिसू लागली. मग प्रभूने दुसऱ्यांदा हात ठेवले आणि त्याला सर्व स्पष्ट दिसले. ही हकिकत मी लहानपणापासून ऐकत आलो. तिचा अर्थ मला गेल्या वर्षी पेठ तालुक्यातल्या एका डोंगरउतारावर कळला.

आपल्या मिशनच्या कामात मी नकाशे करतो. वनहक्क कायदा २००६ साली झाला. १३ डिसेंबर २००५ या तारखेला जो आदिवासी वनजमीन प्रत्यक्ष कसत होता, त्याला ती जमीन ४ हेक्टरपर्यंत मिळू शकते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, कळवण या भागांतले कितीतरी दावे याच तारखेपाशी अडतात. मार्च २०१८ मध्ये याच तालुक्यांतली माणसे नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेली, हे आपण पाहिले आहे. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली. मधले पंधरा दिवस आमच्या पाड्यांवर कसे गेले, ते मी सांगायला नको.

एका आजोबांचा दावा फेटाळला गेला होता. अपिलाला जोडण्यासाठी मी उपग्रहाच्या चित्रावरून नकाशा करायला बसलो. आपल्या देशाच्या रिसोर्ससॅट उपग्रहावरील लिस-३ कॅमेऱ्याच्या चित्रात एक चौकट साडेतेवीस मीटरची असते, म्हणजे साधारण साडेपाच गुंठ्यांची. तेवढ्या जागेतली नागली, बांध, मोहाचे झाड, झोपडी या सर्वांचा मिळून एकच रंग. त्या रंगावरून संगणकाने ठरवायचे : हे जंगल, हे झुडपी रान, हे शेत.

ठरवण्याच्या एका पद्धतीला ‘रँडम फॉरेस्ट’ म्हणतात. नावात जंगल असले तरी तिचा उपयोग कशाच्याही वर्गवारीला होतो. लिओ ब्रायमन या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने २००१ साली ती मांडली. आपण संगणकाला नमुने देतो : ही जागा शेत, ही जागा जंगल. त्यावरून तो प्रश्नांची शेकडो ‘झाडे’ तयार करतो. हिरवेपणा किती? उन्हाळ्यात तो किती उतरतो? प्रत्येक झाडाला काही नमुने चिठ्ठ्या काढल्यासारखे मिळतात आणि प्रत्येक फांदीवर थोडेच प्रश्न विचारायची मुभा असते. शेवटी प्रत्येक चौकटीवर सर्व झाडे मत देतात, आणि बहुमत होईल तो निकाल. ग्रामसभेत हात वर करतात, तसेच. एक झाड चुकले तरी बाकीची सावरून घेतात.

संगणकाने आजोबांच्या शेताला ‘झुडपी जंगल’ म्हटले. मी तो कागद जोडला असता, तर त्यांच्याच विरुद्ध पुरावा दिला असता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी विचारले, “चित्र कधीचं?” मी म्हटले, डिसेंबरचे. ते हसले. “पोरा, डिसेंबरात नागली खळ्यावर असते. उतारावर गवतच दिसणार.” मग त्यांनी मला शिवार दाखवले. त्यांच्या हाताचे दगडी बांध, राबाची जागा, शेतात मुद्दाम राखलेले आंबे आणि मोह. देशाच्या वनअहवालात १ हेक्टरहून मोठ्या जागेवर १० टक्क्यांहून जास्त झाडांची सावली असली, की मालकी कुणाचीही असो, ते वनाच्छादन मोजतात. हेक्टरात १० गुंठे सावली धरायला मोठे आंबे फार लागत नाहीत. म्हणजे झाडे राखणारा शेतकरीच नकाशावर जंगल ठरतो!

चूक माझी होती. ‘शेत’ म्हणून मी दिलेले नमुने बहुतेक दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागा व पाण्याखालची शेते होती. नागली आणि वरईचा उतार त्या शेकडो झाडांपैकी एकानेही पाहिला नव्हता. सगळे साक्षीदार एकाच गावचे असतील, तर शंभर हात वर झाले तरी चूक ती चूकच.

आणखी एक गोष्ट मी आधी पाहिलीच नव्हती. त्या शेतावर मते जवळपास निम्मी-निम्मी पडली होती. पण नकाशावर ५१ मतांचा रंग आणि ९५ मतांचा रंग एकच असतो. आता मी नमुने वाडीतल्या वडीलधाऱ्यांबरोबर पायी फिरून घेतो. त्यांतले काही बाजूला ठेवून त्यांवर निकाल तपासतो आणि मते फुटलेली जागा वेगळ्या रंगात दाखवतो. त्या रंगाचा अर्थ एकच : इथे चालत जा.

कायदाही हेच सांगतो. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे उपग्रहचित्र इतर पुराव्याला पूरक आहे, त्याच्या जागी घेता येत नाही. दावेदाराव्यतिरिक्त इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा पुरावा आहे, बांध आणि घर हेही पुरावे आहेत, आणि एकाहून अधिक पुरावे पाहावे लागतात. नाबोथाचा द्राक्षमळा दोन खोट्या साक्षीदारांमुळे गेला, हे आपण शास्त्रात वाचतो. आमच्या पाड्यांवर खरे साक्षीदार आहेत, पण त्यांचे बोलणे कागदावर आलेले नाही. आणि ते साक्षीदार म्हातारे होत चालले आहेत.

म्हणून मंडळीकडे माझे मागणे आहे. ज्यांचे अक्षर सुवाच्य आहे, त्यांनी शनिवारी पाड्यावर येऊन वडीलधाऱ्यांचे जबाब लिहून घ्यावेत. तरुणांनी मोबाईल घेऊन नागली उभी असताना शेताच्या हद्दी चालाव्यात. ज्यांना कचेरीच्या कामाची सवय आहे, त्यांनी अपिलाची मुदत सांभाळावी. निर्णयानंतर अपिलाला ६० दिवस असतात, आणि डोंगरात तेवढे दिवस कागद हाती यायलाच जातात.

आजोबांचे अपील दोन वडीलधाऱ्यांच्या जबाबांसह दाखल झाले आहे. निकाल अजून यायचा आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करा.

आकाशातून पाहणे हा पहिला स्पर्श आहे. मी त्याला कमी लेखत नाही, माझी भाकर त्यावरच आहे. पण दुसरा स्पर्श आपल्या पायांनी जाऊन करायचा आहे. प्रभू आपणांस त्यासाठी बळ देवो. आमेन.