पारड्यात काय टाकले?

(व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



योग्य आणि अयोग्य यांतून निवड करणे सार्वजनिक जीवनात तुलनेने सोपे असते. माणसाचा कस लागतो तो दोन योग्य गोष्टी एकमेकींच्या आड येतात तेव्हा. १९५५-५६ साली महाराष्ट्राच्या दोन कर्तृत्ववान पुरुषांवर एकाच प्रश्नातून असा प्रसंग ओढवला आणि दोघांनी निरनिराळा निवाडा केला.

राज्य पुनर्रचना आयोगाने मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी मान्य केली नाही. मराठी मन पेटले. अशा वेळी, डिसेंबर १९५५ मध्ये, यशवंतराव चव्हाणांनी फलटणला जाहीर केले, की संयुक्त महाराष्ट्र आणि पंडित नेहरू यांतून एकाची निवड करायची झाली, तर ते नेहरूंची निवड करतील. या उद्गारापायी त्यांना पुढे बरेच सोसावे लागले. आचार्य अत्र्यांच्या लेखणीने तर त्यांची सालटी काढली. तथापि यशवंतरावांच्या म्हणण्यात केवळ व्यक्तिपूजा होती, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. फाळणीला अवघी आठ वर्षे झाली होती. प्रांताप्रांतांच्या ओढाताणीत केंद्र दुबळे होऊ नये, ही चिंता अनाठायी नव्हती आणि नेहरू हे तिचे प्रतीक होते.

दुसरे पुरुष चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, कुलाब्यातून निवडून आलेले खासदार आणि १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. चळवळ्या वृत्तीचा हा मनुष्य नव्हे! आयुष्य हिशेबाच्या शिस्तीत गेलेले आणि संस्कृत काव्यात रमणारे. १६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी मुंबई केंद्रशासित होणार असल्याचे आकाशवाणीवरून सांगितले. मुंबई उसळली आणि गोळीबारात माणसे पडली. त्यानंतर तीनच दिवसांनी आयुर्विम्याचा व्यवसाय सरकारने ताब्यात घेण्याचा वटहुकूम निघाला. तो देशमुखांच्याच खात्याचा होता. पाठोपाठ अर्थसंकल्प आला, द्वितीय पंचवार्षिक योजना आली. या महिन्यांत अर्थमंत्रिपदाचे कर्तव्य जड ठरले, असेच म्हणावे लागते. ‘आधी का नाही सोडले पद?’ हा आक्षेप म्हणूनच उथळ वाटतो. देशाची तिजोरी अध्यक्षपदाच्या खुर्चीसारखी वाटेल तेव्हा सोडून उठता येत नाही.

जूनमध्ये नेहरूंनी मुंबईत येऊन शहर पाच वर्षे केंद्राकडेच राहील, असे घोषित केले. जुलैत देशमुखांनी राजीनामा दिला. लोकसभेतील त्यांच्या निवेदनात मुंबईचा आग्रह होताच. परंतु वर्मी लागले ते दोन मुद्दे. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता जाहीर झाला, हा एक. आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हा दुसरा. पहिला आक्षेप नेहरूंना मान्य नव्हता आणि त्यांनी तो सभागृहात खोडून काढला. पण देशमुखांचे निवेदन वाचणाऱ्याला एक गोष्ट जाणवते. विरोधकांनी हा वाद ‘प्रांत की राष्ट्र’ असा रंगवला होता, तो देशमुखांनी तसा राहू दिला नाही. मंत्रिमंडळाची सामुदायिक जबाबदारी मानायची, तर निर्णयही सामुदायिक हवा, हा त्यांचा रोख होता आणि तो साऱ्या देशाला लागू होता.

दोघांतला खरा फरक येथे आहे. यशवंतरावांनी पारड्यात व्यक्ती ठेवली, देशमुखांनी पद्धती. व्यक्ती कितीही थोर असो, ती पारड्यात बसली की तिच्या चुकाही सोबत बसतात आणि निष्ठावंताला त्या मुकाट्याने वाहाव्या लागतात. १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झालेल्या यशवंतरावांनी ते ओझे वाहिले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा दारुण पराभव पाहिला. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचे अनावरण करायला नेहरू आले, तेव्हा वाटेवरच्या निदर्शनांना तोंड दिले. अर्थात दिल्लीचे मन वळवायला आत राहिलेला माणूसही उपयोगी पडला, हे १ मे १९६० ने दाखवले. रस्त्यावर शंभराहून अधिक हुतात्मे झाले नसते, तर आतल्या माणसाचे कितपत ऐकले गेले असते, हा प्रश्न मात्र उरतोच.

राजीनाम्यानंतर देशमुख मोर्चाच्या अग्रभागी आले नाहीत. त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले आणि १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १९६९ मध्ये जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांनी राष्ट्रपतिपदासाठी त्यांना उभे केले, ते हरले. यशवंतरावांना १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर नेहरूंनी संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस बोलावून घेतले.