पहिलारू कालवडीला वळू कोणता?



घरात पहिलटकरीण असली की आपण तिला किती जपतो! पण गोठ्यातली कालवड पहिल्यांदा माजावर आली, की एक साधा प्रश्न विचारायचं राहून जातं. हिला कोणत्या वळूची कांडी भरताय?

आमच्या गटातल्या एका ताईने कर्ज काढून संकरित कालवड घेतली. कालवड अंगाने लहानच. ‘दूध भरपूर देईल’ म्हणून तिला थोराड होल्स्टिनची कांडी भरली. विताना वासरू अडलं. ओढून काढलं, पण पाडा मेलेलाच निघाला. कालवड वाचली, पण पुढे दोनदा उलटली. दूध नाही, वासरू नाही, हप्ता मात्र दर महिन्याला.

म्हणून पहिल्या वेताला लहान अंगाचं वासरू देणारा वळू निवडा. होल्स्टिनचं वासरू जन्मताना साधारण ३५ ते ४० किलोचं असतं, जर्सीचं २५ किलोच्या आसपास. लहान संकरित कालवडीला जर्सी बरी. आपली कोकण कपिला मुळात लहान चणीची. २०१८ साली तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. तिला कोकण कपिलाच भरा. मोकाट वळूवर सोडू नका. तो कदाचित तिचाच बाप असेल.

कांडीवर वळूचा नंबर आणि जात छापलेली असते. ती वाचून घ्या, वहीत तारखेसह लिहून ठेवा. परदेशी वळू असेल तर त्याच्या माहितीपत्रकात पहिलारू किती अडल्या, याची टक्केवारी असते का ते विचारा. ती जितकी कमी, तितका वळू आपल्या कामाचा.

वळू चांगला असला तरी कालवडही तयार हवी. नुसतं वय बघू नका. संकरित कालवड अडीचशे किलोच्या आसपास भरली की मगच रेतन करा. वजनकाटा नसला तर छातीभोवती टेप लावून डॉक्टर वजनाचा अंदाज सांगतात.

तारीख लिहिलेली असली की नऊ महिने नऊ दिवस मोजता येतात. विताना आधी पुढचे दोन पाय आणि त्यावर नाक दिसलं पाहिजे. पाणमोट फुटून तासभरात काही पुढे सरकलं नाही, तर ओढाताण करू नका, डॉक्टरांना बोलवा.

जास्त दुधाचा वळू दुसऱ्या वेताला बघू. पहिल्या वेताला गाय आणि वासरू दोघं सुखरूप सुटली, की कर्जही फिटतं.